तुळशीतली तार

विद्याधर जिना चढता चढता थांबला आणि सहज बोलून गेला. कोपऱ्यातल्या खोलीत राहणारा हा विद्याधर फोर्टातल्या एका कचेरीत कारकून होता आणि चाळीत रोज वर्तमानपत्र विकत घेणारा तो एकटाच होता. काशीरामने गिरणीच्या लूमखात्यात उभं आयुष्य काढलं होतं आणि त्यात त्याचे कान गेले होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून विद्याधर नेहमी त्याच्यासमोर येऊन, ओठ सावकाश हलवून बोले. "काय काशीराम, रेडिओ काय म्हणतो? आता खुशाल ऐका. खाडीकडे नवा मनोरा उभा केलाय. दोनेक महिने चाचणी चालू होती म्हणे, कालपासून रीतसर सुरू. आपल्या टेकडीची आडकाठी संपली. घाटकोपर काय नि मुलुंड काय, सगळीकडे खणखणीत. तुमची ती खरखर गेली कायमची." एवढं बोलून तो हसला. काशीरामही हसला असावा, कारण विद्याधर समाधानाने वर निघून गेला. काशीरामचा हात मात्र कठड्यावरच राहिला. दोनेक महिने. हे शब्द त्याने ऐकले नव्हते, पाहिले होते, आणि पाहिलेला शब्द ऐकलेल्या शब्दासारखा विरून जात नाही, डोळ्यांसमोर तसाच राहतो. वर खोलीत भिंतीतल्या फळीवर रेडिओ होता. उद्या सकाळी कोकणातून येणाऱ्या बोटीने त्याची बहीण प्रेमा उतरणार होती. तिच्या ट्रंकेत हिरवं लुगडं होतं, हिरव्या बांगड्या होत्या, खण होता, नारळ होते. सुनेची ओटी भरायला ती येत होती. तिला बोलावलं होतं काशीरामने, आणि त्याला ही बातमी दिली होती रेडिओने.

तो खोलीत आला. सून रुक्मिणी नळावर गेली होती, मुलगा नंदू कुर्ल्याच्या कारखान्यातून अजून यायचा होता. रेडिओवर सुनेने विणलेलं जाळीचं आच्छादन होतं. ते बाजूला करून त्याने बटण फिरवलं आणि पेटीच्या लाकडावर डावा तळवा टेकवला. काशीराम रेडिओ असाच ऐकत असे. जाड पुरुषी आवाज त्याच्या कानात थोडा शिरे, बाकी सगळं हातातून येई. चाळीस लूम एकदम धडधडत असताना कुठल्या लूमचा धागा तुटला हे जसं तळपायाला कळायचं, तसंच. चांगल्या दिवशी पेटी लूमवरच्या तेल दिलेल्या धोट्यासारखी हाताखालून सरके. वाईट दिवशी तिच्यात खरखरीची वाळू येई. आज वाळू नव्हती. कालही नव्हती, परवाही नव्हती. गेले दोन महिने नव्हती. काचेच्या पट्टीवर लाल काट्याशेजारी कुंकवाचा एक ठिपका होता. रेडिओ घरात आला तेव्हा रत्नप्रभा, त्याची बायको, जिवंत होती. मुंबईचं केंद्र कुठे लागतं ते तिने बोटाने टिकली लावून खुणेला ठेवलं होतं. मध्यंतरी केंद्राने आपल्या लहरींचे मीटर बदलले आणि काटा ठिपक्याच्या थोडा डावीकडे न्यावा लागू लागला. नंदू म्हणाला होता, "बाबा, पूस ना ती टिकली, आता तिथे काय लागतं?" काशीरामने पुसली नाही. तिथे काहीच लागत नव्हतं, नुसता वारा वाहावा तसा आवाज यायचा, तरी पुसली नाही.

तार तुळशीत घालायची कल्पना कुर्ल्याच्या रेडिओवाल्याची. छतावर एरियलची जाळीची पट्टी ताणून झाली होती, पण टेकडी मध्ये असल्यामुळे आवाज धड येईना. तो म्हणाला, एक तार जमिनीत सोडा, ओल्या मातीत. दुसऱ्या मजल्यावर जमीन कुठली? तेव्हा त्याची नजर गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीवर गेली. रोज पाणी पडतं ना, मग झालं. त्याने तांब्याची तार कुंडीत खोल खुपसली आणि खरोखरच बैठकीतला बसलेला गवई उठून समोर यावा तसा आवाज पुढे आला. जाताना तो सांगून गेला, मधून मधून मिठाचं पाणी घाला, आणखी सुधारेल. रुक्मिणी तेव्हा नवीन होती, पदर डोक्यावरून घेऊन दाराआड उभी. ती सासूला काहीतरी बोलली. रत्नप्रभा काशीरामकडे तोंड करून म्हणाली, "ता म्हणता, मिठान तुळस मरात." तेवढंच. मिठाचं पाणी कधी घातलं नाही. रुक्मिणीचं बोलणं काशीरामपर्यंत असं नेहमी दुसऱ्याच्या तोंडून आलं. सून सासऱ्यासमोर तोंड वर करून बोलत नाही, ती मान वळवून, पदराआडून बोलते. गावात असंच, इथेही असंच. ती बोलायची, पण भिंतीकडे, चुलीकडे, जमिनीकडे. मान ठेवायची म्हणून ती तोंड फिरवी आणि तोंड फिरवलं की काशीरामला ती मुकी होई. रत्नप्रभा गेल्यावर मधलं माणूसच राहिलं नाही. एका खोलीत राहून त्याने सुनेचे ओठ कधी नीट पाहिले नव्हते.

मग रेडिओने ते काम आपल्याकडे घेतलं. ते केव्हा लक्षात आलं हे त्याला आता सांगता आलं नसतं. दर महिन्याला तीन-चार दिवस पेटीत वाळू यायची आणि पुन्हा जायची. आधी त्याला वाटलं, हवेचा दोष. मग एकदा, पाऊस जाऊन ऊन कडक तापलेलं असताना, त्याने कुंडीकडे पाहिलं तर माती फुटली होती. रुक्मिणी घरातच होती. मुंबईत एका खोलीत बायकांनी बाजूला बसायचं कुठे, आणि चूल कोणी पेटवायची? ते रत्नप्रभानेच मोडलं होतं. सून सगळे दिवस सगळं करी. देवांची पूजा तशीही काशीरामकडे होती. फक्त तुळशीला ती त्या दिवसांत शिवत नसे, आणि पाण्यावाचून माती सुकली की रेडिओ खरखरे. बाकी कशावरून काही कळण्यासारखं नव्हतं, कळत होतं ते फक्त रेडिओवरून. हे उमगलं तेव्हा तो इतका ओशाळला की चार दिवस त्याने बटणाला हात लावला नाही. पण नंतर पुन्हा लावला. नातवंडाची वाट बघणाऱ्या माणसाने हात कुठे ठेवावा? मुलाला विचारता येत नाही, सुनेला तर नाहीच. दोनदा पेटी पुष्कळ दिवस स्वच्छ राहिली आणि दोन्ही वेळा एक दिवस रुक्मिणीला टांग्यात घालून दवाखान्यात नेलं, आणि ती रिकामी परत आली. त्यानंतर पहिल्यांदा पेटीत वाळू आली तेव्हा काशीरामचा तळवा रात्रीपर्यंत लाकडावरून निघाला नव्हता. एकदा शेजारची कुंदा म्हणाली होती, "काका, तुळस वाळतेय हो, मी घालत जाऊ का पाणी मधे मधे?" तो म्हणाला, "नको. ज्याच्या घराची त्यानेच घालावी." कुंदाला ते धर्माचं वाटलं. तो स्वतःही घालू शकला असता. पुरुषाने तुळशीला पाणी घालू नये असं कुठेही नाही. पण घातलं असतं तर मग कळलं कसं असतं? कुंडीत बोट घालून ओल बघणं त्याने कधी केलं नाही. ते चोरून बघणं झालं असतं. रेडिओ आपण होऊन सांगतो, आपण फक्त हात ठेवतो, असं तो स्वतःला सांगत आला.

आणि ते त्याला एकट्यालाच कळतं, असंही नव्हतं. चाळीत रेडिओ हा एकच. संध्याकाळी कामगारांचा कार्यक्रम लागला की दारात, गॅलरीत माणसं येऊन बसत. पूर्वी सिनेमाची गाणी होती तेव्हा पाय ठेवायला जागा नसे. केंद्राने ती गाणी बंद केली, त्या जागी शास्त्रोक्त गायन आणि भाषणं आली, तशी तरुण पोरं इराण्याच्या हॉटेलात रेडिओ सिलोन ऐकायला जाऊ लागली. नंदू कुरकुरत असे, "काय हे बाबा, रोज कोणीतरी गळा साफ करतोय." उरल्या त्या बायका आणि म्हातारे. त्या बायकांना रेडिओचा घसा बसला की त्याचा अर्थ कळे. कुंदा बोलून जाई, "आज बसलाय वाटतं," आणि दोघी-तिघी एकमेकींकडे बघत, मग चुलीपाशी पाठमोऱ्या बसलेल्या रुक्मिणीकडे. नळावर तर काशीरामने लांबून त्यांचे ओठ वाचले होते. लूमखात्यातला माणूस वीस हातांवरून ओठ वाचतो, हे बायकांच्या ध्यानात राहत नाही. "म्हाताऱ्याच्या रेडिओने सांगितलं बाई, याही महिन्यात नाहीच." त्या हसल्या होत्या. त्याला राग आला होता तो त्यांचा. स्वतःचा आला नव्हता.

यंदा भाद्रपद गेला, आश्विन गेला, पेटी स्वच्छ. त्याने कोणाला सांगितलं नाही. सकाळी तळवा ठेवायचा, संध्याकाळी ठेवायचा. दसऱ्याला त्याने सोनं देताना सुनेच्या डोक्यावर हात जरा जास्त वेळ ठेवला, ती चपापून बाजूला झाली. मग गावचा शरच्चंद्र बोटीने निघाला होता, त्याच्याबरोबर त्याने प्रेमाला तोंडी निरोप धाडला. या वेळी थांबायचं नाही असं त्याच्या मनाने घेतलं होतं. मागल्या दोन्ही वेळा ओटी भरण्याआधीच सगळं संपलं होतं, म्हणून या वेळी आधी ओटी, आधी हिरवं लेणं, म्हणजे ते धरून राहील, असं काहीतरी. कुंदाशीही बोलून गेला, "तयारी ठेव गो, प्रेमा येता हा, चाळीक जेवण घालूचा हा." कुंदाने डोळे मोठे केले होते. आज सकाळी प्रेमाचा उलट निरोप आला. उद्याच्या बोटीने उतरते. आणि आता विद्याधरने मनोरा उभा केला होता. त्याचा तळवा लाकडावर होता आणि आत कोणीतरी बाजारभाव वाचत होतं, स्वच्छ, एकही कण नाही. हा स्वच्छपणा आता कोणाचा? दोन महिने आपण हात ठेवला तो सुनेच्या पोटावर नव्हे, खाडीकडल्या कुठल्यातरी लोखंडावर. उद्या हिरवं लुगडं घेऊन प्रेमा जिना चढेल, कुंदा बायका गोळा करील, पाट मांडतील, आणि रुक्मिणीला पाटावर बसायला सांगतील, आणि ती मान खाली घालून भिंतीकडे बघत जे बोलेल ते त्याच्याखेरीज सगळ्यांना ऐकू येईल.

तो उठून गॅलरीत गेला. जे कधी केलं नव्हतं ते केलं. कुंडीत बोट खुपसलं. बोट आत जाईना. माती भाजलेल्या कौलासारखी कोरडी होती, नख दुखलं. दोन-तीन दिवसांत पाण्याचा थेंब पडला नव्हता. खालची पानं सुकून देठाला चिकटली होती. आत रेडिओ बाजारभाव सांगत होता, तांदूळ, गूळ, नारळ, आणि आत्ताच हाताला लागलेला तो आवाज खणखणीत होता. काशीराम उकिडवा बसला. मग त्याने तार शोधली. कुंडीत तार नव्हती. जिथून ती आत गेली होती तिथे नुसतं भोक होतं आणि त्यात कोळ्याचं जाळं. त्याने खिडकीतून आलेली तार हाताने धरली आणि तिच्यामागून गेला. ती कठड्याच्या आतून, पिंपाच्या मागे गेली होती. तिथे मोरीच्या कडेला डालड्याचा एक जुना डबा होता, मातीने भरलेला. पिंपाच्या तोटीतून त्यात थेंब थेंब पाणी ठिबकत होतं. तार त्या चिखलात होती, कापडाच्या चिंधीने नीट बांधून, पुन्हा हलू नये अशी. त्याने हात घातला. थंडगार, गाळासारखा चिखल मनगटापर्यंत आला.

त्याच्यावर सावली पडली म्हणून त्याने वर पाहिलं. रुक्मिणी कमरेवर हंडा घेऊन उभी होती. तिने डब्याकडे पाहिलं, त्याच्या हाताकडे पाहिलं, हंडा खाली ठेवला आणि तोंड फिरवून काहीतरी बोलली. तिच्या गळ्याची शीर हललेली त्याला दिसली. शब्द दिसले नाहीत.

"हयसर बगून बोल," काशीराम म्हणाला. त्याचा स्वर त्याला कधी बेताचा ठेवता येत नसे, तो मोठ्याने आला असावा, कारण ती दचकली. "माका ऐकाक येणा नाय गो. इतक्या वर्सांत तुझा एक अक्षर माका ऐकाक इला नाय."

ती तशीच उभी राहिली. मग तिने पदर मागे सारला नाही, पण तोंड त्याच्याकडे वळवलं. तिच्या वरच्या ओठावर डाव्या बाजूला लहानसा तीळ होता. तो त्याला ठाऊक नव्हता.

"श्रावणात काढलंय ती तार," ती म्हणाली. सावकाश, एकेक शब्द ठेवत. विद्याधर बोले तसं बोलायला तिला कोणी शिकवलं नव्हतं, ती बघून शिकली होती. "सगळी चाळ बसान माझो म्हयनो ऐकायची, मामंजी. कुंदाताई ऐकायची. खालची ऐकायची. तुम्ही ऐकायचात."

"तुका म्हायत होता?"

"हात ठेवन बसायचात ना तुम्ही. माझ्या अंगावर ठेवल्यासारखो."

त्याने हात चिखलातून काढला आणि कुठे ठेवावा हे न कळून हवेतच धरला. बोटांवरून पाणी गळत होतं. सांगायचं होतं ते अजून राहिलंच होतं आणि ते आता या उघड्या तोंडासमोर सांगायचं होतं. "फाल्या प्रेमा येता हा," तो म्हणाला. "बोटीन. ओटी घेवन."

"कोणाची ओटी?"

तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेलं, आधी कपाळावरून, मग गालांवरून. ती भिंतीला टेकली. ओठ हलले. "माझा तसा काय नाय हा. दोन-तीन दिस मी तुळशीक शिवाक नाय. आतेक कोणी सांगल्यान?"

"मिया."

"माका इचारूचा होता."

"सुनेक कसा इचारतलंय असला?"

"रेडिओक इचारलात तसा," रुक्मिणी म्हणाली.

आत बाजारभाव संपून सतार लागली होती. ती कानाला पोचत नव्हती, तिचा थरथराट तेवढा भिंतीतून त्याच्या पाठीत येत होता. त्याला लूमखात्यातला एक दिवस आठवला. पट्टा तुटून शेजारच्या माणसाच्या तोंडावर बसला होता आणि तो माणूस ओरडत होता, तोंड वासून ओरडत होता, आणि लूम इतके वाजत होते की कोणालाच काही ऐकू आलं नव्हतं. सगळे जण आपापल्या धाग्याकडे बघत होते. काशीरामने त्याचं तोंड पाहिलं होतं आणि तोही पुन्हा धाग्याकडे वळला होता, कारण धागा तुटला तर कापड खराब होतं. रुक्मिणी ओरडत नव्हती. ती खाली कठड्याच्या सावलीकडे बघत होती आणि हिशेब करावा तशी बोटांची पेरं मोजत होती.

"द्वादस कधी?" तिने पुन्हा तोंड वर करून विचारलं.

"फाल्याच."

"मग आते तुळशीच्या लग्नाक येतत. हिरवा लुगडा तुळशीचा. बांगडे तुळशीचे. नारळ, खण, सगळा तुळशीचा. पण ह्या आतेक कोण सांगतला? ती जिनो चढली की तोंड उघडतली. तुम्ही सकाळी धक्क्यावर जावा. बोटीतसून उतारल्याबरोबर सांगा. आपल्या तोंडान सांगा, माझा चुकला म्हणान."

"सांगतंय," तो म्हणाला.

"आणि कुंदाताईक आजच."

"सांगतंय."

तिने हंडा उचलला. आत जाता जाता ती वळली, पुन्हा मुद्दाम वळली, म्हणजे त्याला दिसावं. "तुळशीक पाणी घाला. तुमच्या हातान. लग्न हा तिचा, अशी ठेवतत काय?"

त्याने तांब्या भरून घातला. माती इतकी तापली होती की पाणी आत न जाता वरच तळ्यासारखं राहिलं, मग बुडबुडे आले, मग एकदम खाली गेलं. त्याने दुसरा घातला. सुकलेली पानं काढली. वासाने हात भरला.

दिवे लागले तशी माणसं आली. नंदू कारखान्यातून येऊन शर्ट न बदलताच दारात बसला. "बाबा, आज तरी लाव ना सिलोन, हे काय सतार-बितार," तो म्हणाला आणि कोणी लक्ष दिलं नाही. कुंदा आपला पाट घेऊन आली. कामगारांचा कार्यक्रम सुरू झाला होता, कोणीतरी भजन म्हणत होतं, आणि कुंदाने हनुवटी वर करून शाबासकी द्यावी तसं म्हटलं, "आज कसा ऐकत राहावंसा वाटतो हो, काका. गोड बातमी आहे ना घरात." तिने रुक्मिणीच्या पाठीकडे पाहिलं. बाकीच्याही बघू लागल्या.

"कुंदा," काशीराम म्हणाला, "प्रेमा येता ती तुळशीच्या लग्नाक. बाकी मी त्या दिवशी काय बोललंय ता खोटा. सुनेक कोणी काय इचारूचा नाय. माझ्या मनान उठवलेला माझा खूळ ता."

कुंदाचं तोंड उघडं राहिलं. नंदू एकदा बापाकडे, एकदा बायकोकडे बघू लागला. भजनातली टाळी चालू होती. काशीराम उठला, माणसांच्या गुडघ्यांमधून वाट काढत गॅलरीत गेला, पिंपामागे वाकला आणि चिंधी सोडून तार ओढली. ती चिखलातून सुळकन् बाहेर आली. मनगटाला गुंडाळून त्याने ती खिडकीपर्यंत आणली आणि तिथेच लोंबती सोडली, कशालाही न लागलेली. मग तो दारात उभा राहून लोकांच्या चेहऱ्यांकडे बघू लागला. रेडिओला आता जमीन नव्हती. वाळू यायला हवी होती. कोणाच्याही चेहऱ्यावर ती आली नाही. एका म्हाताऱ्याची मान तालावर हलत होती ती तशीच हलत राहिली. खाडीकडला तो मनोरा आपलं काम करत होता, त्याला या घरातलं काहीही ठाऊक नव्हतं.

तो आपल्या जागेवर येऊन बसला. सवयीने डावा हात फळीकडे गेला आणि त्याने तो मध्येच थांबवून मांडीवर ठेवला. नखांत माती राहिली होती, थोडी डब्यातली, थोडी कुंडीतली. चुलीपाशी कुंदा रुक्मिणीशेजारी सरकली होती आणि खाली वाकून तिला काही विचारत होती. रुक्मिणी तिच्याकडे वळली. उजेड नेमका तिच्या तोंडावर होता. तिचे ओठ हलायला लागले, स्पष्ट, प्रत्येक अक्षर वाचता येईल असे.

काशीरामने मान खाली घातली आणि भजन संपेपर्यंत वर केली नाही.